गावभागातील घराची विक्री: प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४ (दसरा)

सांगलीच्या गावभागातील, म्हणजे कृष्णेकाठच्या जुन्या वस्तीतील, आमचे घर विकण्याचे काम आजपासून रीतसर हाती घेतले असून त्याच्या नोंदी या वहीत ठेवणार आहे. आजोबांनी १९४९ साली जागा खरेदी केली आणि १९५१ साली घर बांधून पूर्ण केले. जागा २,४०० चौरस फूट आहे. भाजक्या विटांच्या, चुन्यात बांधलेल्या दीड फुटी भिंती, सागवानी तुळया, वर मंगलोरी कौले, पुढे ओसरी, मध्ये माजघर आणि मागे परसात आड, अशी त्याची रचना आहे. वडील २०२२ साली गेल्यापासून घर बंद आहे. मी पुण्याला असते आणि धाकटा भाऊ बंगळूरला, त्यामुळे महिन्यातून एकदा येऊन खिडक्या उघडण्यापलीकडे आमच्याकडून काही होत नाही.

किंमत ९५ लाख ठरवली आहे. ती कशी ठरली हेही लिहून ठेवते. भावाला बंगळूरच्या फ्लॅटसाठी ४५ लाख हवे आहेत. मला पुण्याच्या घराचे उरलेले कर्ज फेडून हाताशी थोडी रक्कम ठेवायची आहे. या दोन आकड्यांची बेरीज करून वर एजंटाची दोन टक्के दलाली धरली आणि सांगलीतल्याच विश्रामबाग भागात जागेचे भाव काय चालले आहेत ते विचारून घेतले, तेव्हा ९५ हा आकडा आम्हाला वाजवी वाटला.

गणपतीनंतर आतून-बाहेरून रंग देऊन घेतला आहे. खालच्या सहा-सात फुटांत जुना गिलावा फुगला होता, तो पाडून तेथे सिमेंटचा गिलावा केला आणि दारे-चौकटींना ऑइल पेंट दिला. घर नवे दिसते. पुराच्या पाण्याचा विषय आपण होऊन काढायचा नाही, समोरच्याने विचारले तरच बोलायचे, अशी एजंटाची सूचना आहे.

९ नोव्हेंबर २०२४

चार आठवड्यांत आठ जणांनी घर पाहिले, पण एकानेही किंमत पाडून मागितली नाही. बँकेतल्या अनुभवावरून मला हे लक्षण बरे वाटत नाही, कारण ज्याला वस्तू हवी असते तो घासाघीस करतो आणि ज्याला नको असते तो स्तुती करून निघून जातो. एजंटाकडून कळलेली कारणे अशी: दार दक्षिणेला आहे, चारचाकी आत येत नाही, बोळ अरुंद आहे, आडाची जागा वास्तूच्या दृष्टीने चुकली आहे, मुलांच्या शाळा विश्रामबागेकडे आहेत. यातले एकही कारण खोटे नाही. मात्र घराकडे येताना बोळातूनच यावे लागते, म्हणजे बोळ अरुंद असल्याचे दारात पोहोचण्यापूर्वीच कळलेले असते, तरीही हे सगळे लोक आत येऊन अर्धा-अर्धा तास थांबले होते.

२४ नोव्हेंबर २०२४

आज मी स्वतः हजर होते. विश्रामबागेत राहणारे एक निवृत्त जोडपे आले होते. गृहस्थ छताच्या तुळया पाहत होते. त्यांच्या पत्नी माजघराच्या दाराशी थांबल्या आणि त्यांनी चौकटीवरून बोटे वरपासून खाली फिरवली, एकदा डोक्याच्याही वर आणि दोनदा मांडीच्या-कमरेच्या जवळ थबकून. मग त्यांनी मला सरळ विचारले, "या तीन रेघा कशाच्या आहेत?"

त्या रेघा वडिलांनी ओढलेल्या होत्या. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत पाणी घरात जिथवर चढले, तिथे त्यांनी लाल ऑइल पेंटने जाड रेघ ओढून बाजूला साल लिहिले होते. आम्ही रंगाऱ्याकडून त्यावर तपकिरी रंगाचे दोन हात मारून घेतले, परंतु जुन्या रंगाचा उंचवटा खाली तसाच राहिला आणि तो बोटांना लागला. मी खरे ते सांगितले. बाईंनी मान डोलावली, आणि रंग नवा का दिलात ते आता कळले, एवढेच म्हणाल्या.

सांगलीत पुराचे मोजमाप आयर्विन पुलापाशी होते. १९२९ साली झालेल्या या पुलाजवळ कृष्णेचे पाणी ४० फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४५ फुटांवर गेले की धोका पातळी, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. ज्या गावात लोक पावसाळ्यात पावसाइतकीच कोयनेच्या विसर्गाची बातमी ऐकतात, तिथे सहा फुटांपर्यंत नवा गिलावा आणि नवा रंग पाहून कोणाला काही कळणार नाही, असे आम्ही कशाच्या जोरावर धरून चाललो होतो, याचे मला आज नवल वाटते.

७ डिसेंबर २०२४

नव्या रंगाला फोड आले आहेत. ओसरीच्या उजव्या भिंतीला लोणा धरला असून हात फिरवला की पांढरी भुकटी पडते. गल्लीतल्या जुन्या गवंड्याला बोलावले. त्याने नखाने गिलावा टोकरून जे सांगितले ते असे. चुन्यातली भिंत ओल घेते आणि सावकाश बाहेर सोडते. पुराचे पाणी ओसरल्यावर भिंतीच्या पोटात ओल आणि त्या ओलीबरोबर आलेले क्षार राहतात. त्यांना बाहेर पडायला चुन्याच्या गिलाव्यातून वाट असते, पण सिमेंटच्या गिलाव्यातून नसते. त्यावर प्लास्टिकचा रंग दिला की उरलेली वाटही बंद होते आणि ओल वर चढत जाते. म्हणजे पूर्वी चार फुटांवर थांबलेली ओल आम्ही ७० हजार रुपये खर्चून आठ फुटांवर नेली.

उपाय सोपा असला तरी वेळ खाणारा आहे. सिमेंट पूर्ण खरवडून काढायचे, भिंती उघड्या ठेवून एक उन्हाळा वाळू द्यायच्या आणि मग वाटल्यास चुन्याचा गिलावा करायचा. भावाला फोन केला. उघड्या विटा पाहून कोण येईल, असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही, पण फोड आलेला नवा रंग पाहून तरी कोण येणार आहे? खरवडायला सांगून आले.

११ जानेवारी २०२५

पहिला खरा ग्राहक आला आणि गेलाही. नोकरदार होता, लहानपण गावभागातच गेलेले, पाण्याची सगळी माहिती असलेला. ९० लाखांवर तोंडी ठरलेही होते. त्याच्या बँकेने पाठवलेल्या मूल्यांककाने मात्र घराची किंमत ६६ लाख लावली. अहवालात तीन शेरे आहेत: बांधकाम ७३ वर्षांचे व भारवाहक भिंतींचे, भिंतींना ओल, आणि मिळकत पूररेषेच्या आत.

हे गणित मी आयुष्यभर दुसऱ्यांना समजावून सांगितले आहे. बँक व्यवहाराची रक्कम आणि मूल्यांकन यांपैकी जे कमी असेल ते धरते. ३० लाखांच्या वरच्या आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार त्याच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम देता येते. ६६ लाखांचे ८० टक्के म्हणजे ५२ लाख ८० हजार. उरलेले ३७ लाख २० हजार, शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी, हे सगळे ग्राहकाने पदरचे घालायचे. तेवढी रोकड ज्याच्याकडे असेल तो गावभागात कशाला येईल, तो विश्रामबागेत बंगला पाहील. थोडक्यात, आमच्या किमतीला घर घेऊ शकणाऱ्याला ते नको आहे आणि ज्याला हवे आहे त्याला तेवढे कर्ज मिळत नाही. माझ्या टेबलावर ही फाईल आली असती तर मीही हाच शेरा मारला असता.

१८ जानेवारी २०२५

त्याच ग्राहकाच्या वकिलांनी काढलेल्या, मालकीहक्काच्या तीस वर्षांच्या शोध अहवालाची प्रत त्याने सौजन्याने आम्हाला दिली. मूल्यांकनाच्या अहवालापेक्षा मला हा कागद अधिक जड गेला.

मिळकत पत्रिकेवर आजोबांच्या नावाखाली फक्त वडिलांचे नाव आहे. आजोबा १९७८ साली मृत्युपत्र न करता वारले. घर त्यांच्या स्वकष्टार्जित जागेवर होते, त्यामुळे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने त्याच दिवशी आजी, वडील आणि आत्या यांना प्रत्येकी एक तृतीयांश हिस्सा मिळाला. मुलींना वडिलोपार्जित संपत्तीत जन्मतः हक्क देणारी २००५ ची दुरुस्ती येथे लागतच नाही, कारण त्यापूर्वीच्या कायद्यानेही स्वतः मिळवलेल्या मिळकतीत मुलगी ही मुलाच्या बरोबरीची वारस होती. १९९१ साली आजी गेली, तीही मृत्युपत्राशिवाय, आणि तिचा हिस्सा दोघा मुलांत समान विभागला गेला. म्हणजे वडिलांचा अर्धा आणि आत्याचा अर्धा. आमच्या दोघांच्या वाट्याला येतो तो प्रत्येकी चौथा हिस्सा.

"आत्याचे लग्नात झाले" हे वाक्य मी घरात इतक्या वेळा ऐकले होते की त्यामागे एखादे हक्कसोड पत्र असेलच, असे धरून चालले होते. तसे पत्र नाही. भावाने अहवाल वाचून पहिले काय म्हटले तर, आता ९५ च्या खाली जाणे शक्यच नाही, कारण अर्धे आत्याकडे जाणार. त्याच्या या बोलण्यावरून माझ्या लक्षात आले की आमच्या किमतीचा घराशी कधी संबंधच नव्हता. वाटेकरी वाढला म्हणून घर महाग होत नाही, हे त्याला समजावण्यात पाऊण तास गेला आणि ते त्याला पटलेही नाही.

२ फेब्रुवारी २०२५

मिरजेला आत्याकडे गेले. ती ८१ वर्षांची आहे, कान शाबूत आहेत आणि आकडे तोंडपाठ. मी कागद पुढे ठेवला. तिने चष्मा लावून तो दोनदा वाचला. हक्कसोड पत्राचा विषय मी चाचरत काढला, तर ती म्हणाली, "दादाने माझी सही कधी मागितली नाही. तेव्हा मागितली असती तर डोळे झाकून दिली असती. आता मी सही करीन ती विकणारी म्हणून करीन. माझे नाव खरेदीखतात तुमच्या दोघांच्या आधी घाला, मी मोठी आहे."

पैशांचे काय, असे विचारले. कागदावर जेवढा हिस्सा असेल तेवढा, असे उत्तर मिळाले. मला जरा लागले, हे नाकारत नाही. परत येताना आठवले की २००५ चा पूर ओसरल्यावर गाळ काढायला मिरजेहून येऊन ती अकरा दिवस राहिली होती आणि त्या अकरा दिवसांत मी पुण्याहून दोनदा फोन केला होता.

१५ मार्च २०२५

वारस नोंदीचे काम नगर भूमापन कार्यालयात सुरू आहे. मृत्यूचे दाखले, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि आत्याच्या नावातील फरकाचा पुरावा असे कागद दिले (माहेरचे नाव आणि सासरचे नाव जुळवण्यात तीन खेपा झाल्या). हरकतीची मुदत निघून गेल्यावर नोंद होईल. ग्राहक पाहणे तोवर थांबवले आहे, कारण अपुऱ्या कागदांवर आलेला माणूस पुन्हा येत नाही आणि गावात बातमीही पसरते.

६ एप्रिल २०२५

किंमत नव्याने काढली आणि या वेळी ती घरापासून सुरू केली.

दोन वर्षे स्थिर असलेले वार्षिक मूल्य दर, म्हणजे सरकारने ठरवलेले जागांचे भाव, यंदाच्या १ एप्रिलपासून वाढले आहेत. नव्या दराने आमच्या मिळकतीचे सरकारी मूल्य ७१ लाख येते. मूल्यांककाचा आकडा ६६ लाख आहे. बाजार सरकारी दराच्या खाली आहे ही पूरपट्ट्यातली नेहमीची अडचण आहे, कारण मुद्रांक शुल्क सरकारी मूल्यावरच भरावे लागते आणि व्यवहार त्याहून फार खाली झाला तर प्राप्तिकरात फरकाची रक्कम विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या, दोघांच्याही गळ्यात पडते. दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. त्या हिशेबाने सुमारे ६४ लाख ५५ हजारांच्या खाली आम्हाला जाता येत नाही. म्हणून मागणी ७२ लाख ठेवायची आणि ६५ च्या खाली उतरायचे नाही, असे ठरले. भावाने दोन दिवसांनी होकार कळवला, फोनवर नाही, संदेशावर.

दुसरे काम चौकटीचे. सुताराकडून माजघराच्या दाराचा तपकिरी रंग काढून घेतला आणि वडिलांच्या तिन्ही रेघा पुन्हा उघड्या केल्या. जमिनीपासून त्या मोजल्या: २००५ सालची २ फूट ४ इंच, २०२१ सालची ३ फूट १ इंच आणि २०१९ सालची ६ फूट १ इंच. ही मापे, पूररेषेतील स्थान, भिंतींची अवस्था आणि तिन्ही वारसांचे हिस्से असे एक पानी माहितीपत्रक तयार केले. एजंटाने ते वाचून हात जोडले. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, ग्राहकाला सहज न दिसणारा आणि आपल्याला ठाऊक असलेला मोठा दोष सांगणे ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे, हे मी त्याला दाखवले. कलमाचा त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. निम्मी दलाली आगाऊ देऊ का, असे विचारल्यावर मात्र झाला.

२७ एप्रिल २०२५

तीन आठवड्यांत चार जण आले. पूर्वीपेक्षा निम्मे, पण चौघांपैकी दोघांनी किंमत मागितली.

त्यातले एक कापडपेठेतले व्यापारी आहेत. त्यांना घर नको आहे, जागा हवी आहे. दुकान पायी जाण्याच्या अंतरावर, म्हातारे आईवडील गावभाग सोडायला तयार नाहीत, आणि राहते भाड्याचे घर पुरात तीनदा रिकामे केलेले. ते आपल्या वास्तुरचनाकाराला घेऊनच आले. आम्ही ज्याला दोष समजून झाकत होतो, त्या चौकटीपाशी त्या वास्तुरचनाकार मुलीने टेप लावला आणि वहीत मापे उतरवून घेतली.

तिने मांडलेला हिशेब मला उपयुक्त वाटला म्हणून सविस्तर लिहिते. जलसंपदा विभागाच्या आखणीत निळी पूररेषा ही साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानतात. आमची मिळकत या दोन रेषांच्या मध्ये येते. अशा ठिकाणी २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे नवे बांधकाम करता येते, मात्र जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच ठेवावे लागते. लाल रेषेची पातळी आमच्या माजघराच्या जमिनीपासून १.६ मीटरवर येते. म्हणजे नवे जोते २.०५ मीटरवर, जवळजवळ पावणेसात फुटांवर. एवढा भराव कोणी घालणार नाही, म्हणून खाली नुसते खांब आणि वाहने, वर दोन मजले. आता बोळाचा प्रश्न उरतो, तर चारचाकी बाहेरच राहील आणि खाली दुचाक्या लागतील, हे त्यांनी आधीच धरलेले आहे.

यातून मला एक गोष्ट नव्याने दिसली. आम्ही सहा महिने राहते घर विकत होतो, तेही ज्यांना नव्या रंगाचे राहते घर हवे आहे अशांना. त्यांच्यासाठी पुराची रेघ म्हणजे नकार होता. पाडून बांधणाऱ्याला तीच रेघ कामाची आहे, कारण किती उंच बांधायचे हे ती त्याला सांगते. त्यांनी ६२ लाख सांगितले. ६४.५५ चा हिशेब मी कागदावर करून दाखवला आणि तो त्यांच्या करसल्लागाराला दाखवायला सांगितला.

२६ मे २०२५

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. व्यापारी दोन दिवस संततधार चालू असताना न सांगता घर पाहून गेले, असे शेजाऱ्यांनी सांगितले. पाणी बोळात साचते का, तुंबलेल्या गटाराचे आत येते का, हे त्यांना पाहायचे होते. नदीच्या पुरापेक्षा वेगळी अशी ही दुसरी शंका आम्हाला कोणी विचारलीच नव्हती आणि उत्तर आमच्याकडेही नव्हते. ओसरीच्या पहिल्या पायरीपर्यंत पाणी होते, आत नव्हते. संध्याकाळी त्यांचा फोन आला आणि ६५ म्हणाले. मी ६७ म्हटले. ६६ वर ठरले.

नोंदणी त्यांच्या पत्नीच्या नावावर होईल. सांगली महापालिका हद्दीत सहा टक्के शुल्क आहे आणि निवासी मिळकत स्त्रीच्या नावे घेतल्यास एक टक्का सवलत मिळते, म्हणजे ७१ लाखांवर ३ लाख ५५ हजार आणि नोंदणी फी ३० हजार. ग्राहक आमच्या रकमेतून एक टक्का प्राप्तिकर कापून भरेल. आमचे हिस्से वेगवेगळे आणि प्रत्येकी ५० लाखांच्या आत असले तरी ऑक्टोबर २०२४ पासून एकूण रक्कम धरतात, त्यामुळे कपात टळत नाही. आत्याचे पॅन आधारला जोडलेले नव्हते. तसेच राहिले असते तर तिच्या ३३ लाखांवर वीस टक्के कापले गेले असते. मंगळवारी जोडून घेते.

८ जून २०२५

काल साठेखत झाले आणि विसार म्हणून पाच लाख मिळाले. मसुद्यात आत्याचे नाव पहिले आहे. तिन्ही पुरांची मापे परिशिष्टात आहेत, ती घालायचा आग्रह ग्राहकांच्या वकिलांचा होता.

उरलेली अडचण बोटांच्या ठशांची आहे. आत्याच्या अंगठ्याचा ठसा यंत्र घेत नाही, पॅन जोडताना दोन्ही हातांची दहाही बोटे लावून झाली. शिवाय दुय्यम निबंधक कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे आणि तिला जिना चढवत नाही. नोंदणी अधिकाऱ्याने घरी येऊन दस्त घेण्याची कायद्यात सोय आहे, त्यासाठी वैद्यकीय दाखल्यासह अर्ज लागतो. दाखला सोमवारी मिरजेतून घ्यायचा, अर्ज बुधवारी द्यायचा. घरपट्टी आणि पाणीपट्टी या सहामाहीची भरली. वीज मीटरचे आकडे फोटो काढून ठेवले. माजघराचे दार चौकटीसह काढून न्यायला ग्राहकांनी परवानगी दिली आहे. ते कुठे ठेवायचे हे भावाने अजून कळवलेले नाही.